गाडीच्या मागं उभं ऱ्हावा

खोली बघायला गेलो तेव्हा मामांनी मला खोली दाखवलीच नाही. अंगणात एक छोटी जुनी गाडी उभी होती. तिच्याकडे बोट करून ते म्हणाले, “पाव्हणं, जरा मागं उभं ऱ्हावा.” मला वाटलं गाडी मागे घ्यायची असेल, म्हणून मी बाजूला झालो. “बाजूला न्हाई ओ. मागं. आन् काय दिसतंय ते सांगा.” स्टिअरिंगवर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांनी काहीतरी केलं आणि मागे काहीतरी लागलं. मी म्हणालो, “लाल दिवा लागला.”

“कुटला?”

“मागचा.”

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला शिकवणाऱ्या मास्तरांची त्यांना कीव आली असावी. “मागचा ते मलाबी ठावं हाय. पार्किंगचा का ब्रेकचा?” मला सांगता येईना. तरी खोली मिळाली. का मिळाली, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

ही आयटी पार्काला लागून असलेल्या माण गावातली गोष्ट. मी सोलापूरकडून आलेला, आयटी पार्कात सॉफ्टवेअर तपासण्याच्या नोकरीला. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि वर त्यांच्याच शिव्या खायच्या. मामा माझे घरमालक. त्यांना सगळे भाडेकरू मामा म्हणत, गावही मामा म्हणे, आणि त्यांचं खरं नाव काय याची चौकशी करण्याची कुणाला गरज पडली नाही. त्यांची भातखाचरं पार्कात गेली होती आणि उरलेल्या जागेवर त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या. मी ज्या काचेच्या इमारतीत काम करत होतो ती आपल्याच खाचरात उभी आहे, असं ते मला सांगत. दुसऱ्या दिवशी तसंच बोट शेजारच्या इमारतीकडे दाखवत. मी एकदा म्हणालो, “मामा, काल तर ती म्हणाला होतात.” ते शांतपणे म्हणाले, “बांध गेलं, पाव्हणं. आता तुमीच सांगा कुटली.”

मला ते शेवटपर्यंत पाव्हणंच म्हणत राहिले. मी तिथे बरीच वर्षं काढली, त्यांच्या नातवाच्या बारशाला पंगतीत वाढलं, तरी मी पाव्हणा.

गाडी मामांची, पण मामा ती चालवत नसत. चालवायच्या मामी. का, याची कारणं मामांकडे वेगवेगळी होती. कधी म्हणायचे, डोळ्यांवर ऊन येतं. कधी म्हणायचे, एकदा शिकायला बसलो आणि गाडी ओढ्यात गेली. हे ऐकून मामी हसायच्या, पण ओढ्याची गोष्ट खरी की खोटी ते सांगायच्या नाहीत. मात्र एक कारण मामा अगदी मनापासून सांगत. “चालवणाऱ्याला फुडचं दिसतंय. त्याचा मागचा दिवा त्याला जल्मात दिसत न्हाई. मग मागं कोनतरी पायजे का नको?” तर ते मागचं कोणीतरी म्हणजे मामा. नांगर गेला, बैल गेले, पहाटे खाचरात पाणी धरायला जायचं गेलं, आणि त्या सगळ्याच्या जागी गाडीचे दिवे आले. मोठे हेडलाईट नव्हेत. त्यांचं काय, ते कुणालाही दिसतात, असं त्यांचं मत. त्यांचा जीव छोट्या दिव्यांत. पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर, नंबरप्लेटवरचा करंगळीएवढा बल्ब.

मामी आठवड्यातून दोन-तीनदा गाडी घेऊन मुळशी धरणापलीकडच्या एका गावी जायच्या. तिथे त्यांची थोरली बहीण एकटी राहायची. तिचं एक अंग लुळं पडलं होतं. शेजारच्या बायका भाकरतुकडा द्यायच्या, पण न्हाऊ घालणं, केस विंचरणं, अंथरूण बदलणं हे मामी करायच्या. “माज्या हाताबिगर ती कुनाला हात लावू देत न्हाई,” असं त्या तक्रारीच्या सुरात सांगायच्या, पण त्यात थोडी ऐटही असायची. जाण्याच्या दिवशी सकाळी अंगणात तपासणी व्हायची. जो भाडेकरू हाताला लागेल त्याने गाडीच्या मागे उभं राहायचं. मामा शेजारी उभे. मामी आतून एकेक दिवा लावायच्या आणि आम्ही ओरडायचं, “डावा हाय! उजवा हाय! पार्किंग हाय! बंद! ब्रेक हाय!” ओडिशाहून आलेल्या एका भाडेकरूला मराठीतलं एवढंच येत होतं. तो भाजीवाल्यालाही “डावा हाय” म्हणायचा आणि त्याला कोथिंबीर मिळायची.

मामा स्वतः डोळ्यांनी धडधाकट होते. मग आम्हाला कशाला विचारायचे? मी विचारलं. ते म्हणाले, “माझ्या बायकूची गाडी हाय. मला दिवा लागलेलाच दिसनार.” मी बराच वेळ या वाक्याचा विचार केला. आधी ते वेडेपणाचं वाटलं, मग फार शहाणपणाचं वाटलं, आणि ऑफिसात पोचेपर्यंत पुन्हा वेडेपणाचं वाटायला लागलं.

बल्ब गेला की खरी मजा. पौडच्या बाजारात रफीकभाईंचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. मामा मला मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन जायचे. मला त्यातलं काही कळत नसे, आणि म्हणूनच मला नेतात असा माझा दाट संशय होता. गेलेला बल्ब रुमालात, मूठभर तांदळात बांधलेला असायचा, फुटू नये म्हणून. रफीकभाई हात पुढे करायचे. “आना मामा, नमुना दावा.”

मामा रुमाल छातीशी धरायचे. “नमुना दावनार न्हाई.”

“मंग मला कसं कळावं कुटला द्यायचा?”

“ह्यो आदी कुनी बसवला? बसवनाऱ्यानंच चुकीचा बसवला आसंल तर? मेलेल्याची साक्ष कशी धरायची, सांगा!”

रफीकभाई माझ्याकडे बघायचे. मी वर टांगलेल्या फॅनबेल्टकडे बघायचो. मग रफीकभाई एकामागून एक खोकी उघडायचे. तिथे माझं डोकं पार भणाणून जायचं. काही बल्बांना बूडच नसतं, नुसती काच, ती खाचेत दाबायची. काहींच्या दोन्ही टोकांना टोप्या, फ्यूजसारख्या. काहींना पितळी बूड आणि बाजूला दोन खुंट्या, दाबून फिरवायचे. त्यातही पिवळ्याच्या खुंट्या समोरासमोर नसून जराशा तिरक्या, म्हणजे पांढऱ्याच्या जागी तो बसणार नाही. शिवाय कुणी सिंगल पॉइंट, कुणी डबल पॉइंट, म्हणजे बुडाशी विजेचं एक टोक किंवा दोन. सगळे साधारण एकाच उंचीचे आणि सगळे साळसूद चेहऱ्याचे. कोण कुठे बसेल हे त्यांच्या तोंडावरून कळायची सोय नाही. मामा एकेक बल्ब उजेडाकडे धरून आतली तार बघत, मान हलवत आणि शेवटी घरी जाऊन सावकाश ठरवतो म्हणत. रफीकभाई त्यांना चहा पाजून पाठवायचे. माणूस गिऱ्हाईक म्हणून असह्य आणि पाहुणा म्हणून आवडता, असं त्यांचं झालं होतं.

एकदा एका भाडेकरूने मामांना हौसेने इंडिकेटरचे एलईडी बल्ब आणून दिले. ते बसले, लागले, पण डावा इंडिकेटर लावला की तो भलत्याच घाईने लुकलुकायला लागला. आम्ही मागे उभे राहून बघतोय आणि तो आपला चिमणीच्या छातीसारखा धडधडतोय. आणणाऱ्याने समजावलं, हा बल्ब वीज कमी खातो, म्हणून गाडीला वाटतं एक बल्ब गेलाच आहे. मामांनी विचारलं, “गाडीला वाटतं म्हंजे? कुटं वाटतं?” तो बिचारा बॉनेटकडे बघायला लागला. खरं तर मलाही तोच प्रश्न पडला होता. मामी मात्र खूश होत्या. डावीकडे वळताना लोक पटापट वाट देत होते, बाईला काहीतरी तातडीचं काम दिसतंय म्हणून. मामांनी ते बल्ब काढून टाकले. म्हणाले, “दिव्यानं घाई करायची नसती. दिव्यानं खरं सांगायचं आसतं.”

आता त्या एका बल्बविषयी, ज्याच्यामुळे हे सगळं सांगायला बसलो. मागच्या दिव्यात एकाच काचेत दोन तारा असलेला बल्ब असतो. बारीक तार पार्किंगची, मंद. जाड तार ब्रेकची, लख्ख. हाच तो डबल पॉइंट. मामांचं त्याच्याशी कधीच जमलं नाही. “येका म्यानात दोन तलवारी!” एक तार गेली की दुसरी जिवंत तारही बल्बासकट फेकून द्यायची, हे त्यांच्या शेतकरी मनाला सोसत नव्हतं. त्यांच्या मते ही सगळी बल्बवाल्यांची लबाडी. त्या वर्षी उन्हाळ्यात दोन्हीकडच्या बारीक तारा गेल्या, तेव्हा त्यांनी रफीकभाईंकडून सिंगल पॉइंटची जोडी आणली. कुठे बसवायची ते अर्थातच सांगितलं नाही. खुंट्या नीट बसेनात. मामांनी फडकं धरून, दात-ओठ खाऊन त्या फिरवल्या आणि बसवल्या.

आणि दिवे लागले! पार्किंग म्हटलं की पार्किंग, ब्रेक म्हटलं की ब्रेक. तेही आधीपेक्षा रसरशीत. मामा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. “येकच तार, पन इमानी,” ते म्हणाले. सकाळी तपासणीत आम्ही सगळे आधीसारखेच ओरडत राहिलो. “पार्किंग हाय! बंद! ब्रेक हाय!” सगळं होतं. काहीही चुकलेलं नव्हतं.

आषाढात धरणाच्या रस्त्याला धुकं असं उतरतं की बॉनेट दिसतं आणि पुढे जग संपतं. त्या दिवशी दुपारी मामी बहिणीला न्हाऊ घालून परत निघाल्या होत्या. दिवे लावलेले होते. रस्त्यात म्हैस आली म्हणून त्यांनी ब्रेक मारला आणि मागून एक टेम्पो येऊन आदळला. नशीब, वेग कमी होता. गाडीची डिकी मधोमध चेपली पण दिवे वाचले, मामींची मान लचकली, म्हशीला काही झालं नाही. टेम्पोवाला भला माणूस. तो मामींना गाडीसकट थेट घरी घेऊन आला. पण अंगणात पाय ठेवताच त्याने सांगून टाकलं, “काकींनी ब्रेक मारला, पर मागं काय कळलंच न्हाई. खंडोबाची आन.”

मामा उसळले. “ब्रेकलाईट लागती! रोज लागती! हे पाव्हणं साक्षीला हायेत, सकाळीच बघितलीया त्यांनी.”

मी बघितली होती. लख्ख लागली होती. तसं मी सांगितलं. टेम्पोवाला पुन्हा शपथ घ्यायला लागला. त्याच्या तोंडाकडे बघून तो खोटं बोलतोय असं वाटेना, आणि मी तर खोटं बोलत नव्हतोच. दिवा लागतोही आणि लागतही नाही. ऑफिसात असं झालं की आम्ही मशीन बंद करून पुन्हा चालू करतो. इथे काय बंद करणार?

संध्याकाळी मामांचा मुलगा महाळुंग्याहून आला. तिथे नव्या सोसायटीत त्याचा फ्लॅट होता. मुलगा वाईट नव्हता, आईची चेपलेली गाडी बघून घाबरला होता. तो म्हणाला, “आई, दिवा लागतो म्हणतात ना सगळे? मग तूच ब्रेक दाबला नसशील. गडबडीत होतं असं. वय झालं आता.” मामी एवढंच म्हणाल्या, “दाबला व्हता.” त्याने गाडीची किल्ली खिशात घातली. म्हणाला, गाडी विकून टाकू.

नंतरचे दिवस त्या घरात फार वाईट गेले. मामी मानेला फडकं गुंडाळून वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या जीपमधून निघायच्या, पौडला उतरून दुसरी जीप शोधायच्या, आणि एकदा तर अर्ध्यातूनच परत आल्या. पुढे जायला गाडीच मिळाली नाही. त्या दिवशी त्या पायरीवर बसून म्हणाल्या, “आक्का तशीच पडली आसंल वली.” मामा अंगणात येरझाऱ्या घालत होते. त्यांचा बायकोवर विश्वास होता आणि आपल्या दिव्यावरही होता, आणि दोन्ही एकदम खरं कसं हे त्यांना सुटत नव्हतं. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. एक तर बायको चुकली म्हणा, नाही तर दिवा चुकला म्हणा! पण ते दोन्ही म्हणेनात.

रविवारी मुलगा गाडी कुणाला तरी दाखवायला न्यायचं म्हणून आला. दिवस मावळत होता. मामी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “न्यायच्या आदी येकदा तपासा.”

मामा म्हणाले, “रोज तपासलीया की.”

“रोज येकेक दिवा तपासता. पार्किंग लावायचं, बंद करायचं, मंग ब्रेक. त्या दिवशी धुक्यात दोनी संगंच लागलं व्हतं.”

मुलाने किल्ली दिली. मामी आत बसल्या, मी नेहमीप्रमाणे मागे. त्यांनी पार्किंग लावलं. दोन्हीकडे लाल, लख्ख. “आता ब्रेक दाब,” मामा म्हणाले. मी बघत राहिलो. काही झालं नाही. तोच लाल, तेवढाच लख्ख.

“अगं, दाब की.”

“दाबलाय!”

मुलगा पुढे वाकून बघायला गेला. आईचा पाय ब्रेकवर घट्ट दाबलेला होता. इमानी तार एकच होती. ती पार्किंगलाच पूर्ण पेटून बसली होती, ब्रेकला पेटायला उरलं होतं काय? त्या सिंगल पॉइंटच्या बुडाने होल्डरमधली दोन्ही टोकं जोडून टाकली होती. धुक्यात टेम्पोवाल्याला तो दिवा पहिल्यापासून लागलेलाच दिसत होता. गाडी चालतेय की थांबतेय, त्याला कळणार कसं?

“आन् हे बगा,” मामी आतून म्हणाल्या. त्यांनी पार्किंग बंद केलं आणि नुसता ब्रेक दाबला. त्यांच्यासमोरचं मीटर, काटे आणि आकडे, मंद उजळलं. पाय काढला, विझलं. मीटरचा दिवा पार्किंगच्याच तारेवर, आणि जोडलेल्या टोकांतून ब्रेकची वीज तिकडेही जात होती. “नवा बल्ब बसवल्यापासनं आसंच हाय.”

“मग सांगितलं का न्हाईस?” मामा जवळजवळ ओरडलेच.

“मला वाटलं तुमीच करून घेतलंय.” मामींनी पुन्हा ब्रेक दाबला, त्यांच्या तोंडावर तो पिवळसर उजेड पडला. “मी ब्रेक दाबला की तुमाला मागं दिसतंय, आन् तुमी मला आत दिवा दावताय, आसं वाटायचं. घाटात, धरनावर, कुटंबी. बरं वाटायचं. त्या दिवशी धुक्यात पार्किंगमुळं मीटर आदीपासनंच उजळलेलं व्हतं, ब्रेक दाबला तरी काय बदललं न्हाई. मला वाटलं, धुकं हाय, घरनं तुमाला कसं दिसंल.”

मुलगा दुसरीकडे बघायला लागला. मामांनी डिकी उघडली, फडकं घेतलं, जोर लावून दोन्ही बल्ब काढले आणि तळहातावर घेऊन उभे राहिले. मग मुलाला म्हणाले, “तिचा पाय बराबर पडला व्हता. माझा हात चुकला. किल्ली तिची तिला दे. आन् दिव्याचं काम आजपासनं दुसऱ्या कुनालातरी लावा.”

माणूस वर्षानुवर्षं हुज्जत घालत आला होता, रफीकभाईंशी, बल्बवाल्यांशी, माझ्याशी, आणि त्याला असं एका दमात हरताना बघणं मला सहन होईना. मी काहीतरी म्हणणार होतो. मामी आधी म्हणाल्या, “दुसरं कोन करनार? ह्ये पाव्हणं? ह्यांना आजून पार्किंग आन् ब्रेकातलं कळत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी आम्ही पौडला गेलो. मामांनी आपण होऊन रुमाल सोडला आणि तांदळातून जुने, बारीक तार तुटलेले डबल पॉइंट बल्ब काढून काउंटरवर ठेवले. रफीकभाईंनी नमुना बघितला, मामांकडे बघितलं आणि तसलीच जोडी काढून दिली. या बल्बांच्या खुंट्या एक वर, एक जरा खाली. जोर न लावता बसले.

मामींच्या जायच्या दिवशी सकाळी तपासणी झाली. या वेळी पार्किंग बंद न करताच ब्रेक. मंद लाल होतं, ते एकदम लख्ख झालं. पाय काढला, मंद. दाबला, लख्ख. इतकं स्वच्छ की मलासुद्धा कळलं. मी ओरडलो. मुलाने किल्ली परत दिलेलीच होती. मागच्या सीटवर आक्कांसाठी धुतलेली लुगडी आणि तेलाची बाटली ठेवली होती. पण मामा “जा” म्हणेनात. ते माझ्या शेजारी चुळबुळत उभे राहिले. आम्हा सगळ्यांना त्यांनी आजवर विचारलं होतं, रस्त्याने जाणाऱ्या दूधवाल्यालाही थांबवून विचारलं होतं. मग पहिल्यांदाच त्यांनी गाडीच्या आत हाक दिली.

“अगं, तुला आत काय दिसतंय?”

मामी म्हणाल्या, “आरशात तुमी दिसताय.”

“मला सोड!” मामा खेकसले. “पार्किंग बंद कर, ब्रेक दाब, आन् मीटर उजळलं का ते सांग.”

मागे ब्रेकचा दिवा लागला. बराच वेळ लागून राहिला.

“न्हाई उजळलं,” मामी म्हणाल्या, आणि गाडी बहिणीच्या गावाकडे निघाली.